करंट जमिनीत जिरत नसतो, त्याला डीपीवर परत जायचं असतंय

मागच्या मे महिन्यात औशाकडच्या एका गावातून फोन आला, तक्रार काय तर कुलर चावायलाय. आपल्याकडं उन्हाळा म्हटलं की पत्र्याचा कुलर, वाळ्याच्या ताट्या अन् खाली पाण्याची टाकी, घरोघरी हेच. गेलो तर घरमालक आप्पा दारातच म्हणाले, "अर्थिंगचं नाव काढू नका, दोन महिन्याखाली नवीन खड्डा केलाय, पोतंभर मीठ अन् कोळसा घातलाय." अन् वर पुरावा म्हणून होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा बल्ब आणला, एक टोक फेजला एक अर्थला लावलं, बल्ब लागला लख्ख. "बघा कसा फकफकायलाय."

मी काही बोललो नाही, लूप टेस्टर काढला (अर्थिंगच्या पूर्ण रस्त्याचा अडथळा मोजायचं यंत्र), कुलरच्या सॉकेटात घातला, बटन दाबलं. आकडा आला ३८ ओहम.

आप्पा म्हणाले, हे चांगलं का वाईट? प्रश्न साधाय पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेख. तेव्हा त्यांच्या ओट्यावर चहा पीत जे सांगितलं तेच जरा सावकाश लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यातून काढायची ती ही की करंट जमिनीत जिरतो. पाणी जिरतंय, करंट जिरत नाही. आपल्याकडं सगळे असंच बोलतेत, "अर्थिंग केली की करंट जमिनीत जातो", अन् ऐकणाऱ्याला वाटतं खाली गेला, संपला विषय. तसं नसतंय. करंट जिथून निघाला तिथंच त्याला परत जायचं असतं, अन् आपल्या घरातला करंट निघतो गावच्या डीपीतून, म्हणजे गावाला लाईट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल पॉईंट तिथंच खाली जमिनीत अर्थ केलेला असतो. म्हणजे कुलरच्या पत्र्याला फेज चिकटली तर करंटचा रस्ता असा: डीपीवरून पोलावरच्या तारेनं आला, सर्व्हिस वायरनं घरात आला, मीटर, मग एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका), मग भिंतीतली फेजची वायर, कुलरचा पत्रा, तिथून अर्थची वायर, आप्पांचा खड्डा, मग गावाखालची सगळी माती, मग डीपीचा खड्डा, अन् शेवटी डीपीचा न्यूट्रल. हा पूर्ण गोल म्हणजे लूप. या गोलात जेवढा म्हणून अडथळा आहे त्या सगळ्याची बेरीज म्हणजे लूप इम्पिडन्स. टेस्टरवर जो ३८ आला तो या पूर्ण गोलाचा, नुसत्या आप्पांच्या खड्ड्याचा नाही.

आता शाळेतला ओहमचा नियम, व्होल्ट भागिले ओहम बरोबर अँपियर. २३० भागिले ३८, आले साधारण ६ अँपियर. म्हणजे उद्या फेज पूर्ण चिकटली पत्र्याला, तरी त्या रस्त्यानं फार तर ६ अँपियर वाहणार. याला म्हणायचं अर्थ फॉल्ट करंट. अन् आप्पांच्या बोर्डात एमसीबी होता सी टाईप १६ अँपियरचा. सहा अँपियर बघून तो एमसीबी काय म्हणणार? एवढ्यात तर इस्त्री अन् मिक्सर चालतेत. तो जागचा हलणार नाही. जन्मभर हलणार नाही, कारण त्याच्या हिशोबानं काही बिघडलेलंच नाही.

एमसीबीचं थोडं सांगायला पाहिजे कारण इथं लई गैरसमज आहे, १६ चा एमसीबी म्हणजे १७ झाले की पडला असं नसतंय. आत दोन यंत्रणा असतेत. एक पट्टी, जी गरम होऊन वाकती, ती सावकाश काम करती, १.४५ पट करंट झाला तरी तिला तासाभरापर्यंत वेळ लागू शकतो, अडीच पटीच्या पुढं गेला तर मिनिटाच्या आत. दुसरी असती कॉईल, ती झटक्यात पाडती, पण तिला जोरदार करंट लागतो, बी टाईपला ३ ते ५ पट, सी टाईपला ५ ते १० पट, डी टाईपला १० ते २० पट. म्हणजे सी १६ झटक्यात पडेलच अशी खात्री पाहिजे तर १६० अँपियर वाहायला पाहिजेत. २३० भागिले १६०, आलं १.४४ ओहम. पूर्ण गोल, डीपीपासून डीपीपर्यंत, दीड ओहमच्या आत. आपल्याकडं आला ३८. आता सांगा.

वर आणखी दोन बारक्या गोष्टी. वायर गरम झाली की तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला जवळपास ०.४ टक्क्यानं वाढतो, म्हणून थंड वायरीवर मोजलेला आकडा काठोकाठ असून चालत नाही, आम्ही १.४४ च्या जागी १.१५ च्या आत बघतो. अन् दुसरं, हे २३० धरून चाललंय, संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्यावर खेड्यात व्होल्टेज १८० वर येतंय तेव्हा फॉल्ट करंट पण तेवढाच घसरतो.

हे झालं एमसीबीचं. पण माणसाला एमसीबी नाही, पत्रा मारतो. म्हणून पत्र्यावर किती व्होल्ट येतेत ते बघू. मी आप्पांच्या घरामागं नांगरलेल्या रानात दोन सळया रोवून अर्थ टेस्टरनं नुसता त्यांचा खड्डा वेगळा मोजला, तो आला ३२. म्हणजे राहिलेले ६ ओहम वायरी, तारा अन् डीपीच्या खड्ड्याचे. २३० व्होल्ट या दोघांत वाटून जातेत, ज्याचा ओहम जास्त त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. ३८ मधले ३२ आप्पांच्या खड्ड्याचे, तर त्यांच्या वाट्याला १९४ व्होल्ट. अर्थिंग केलेल्या कुलरच्या पत्र्यावर १९४ व्होल्ट! अन् एमसीबी चालू, पंखा चालू, सगळं गोडीत. सुरक्षित म्हणून ५० व्होल्टची हद्द धरतेत. बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून टाकीत पाणी ओतायलीय, हात ओला, तिथं अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे दीडशे-दोनशे मिली अँपियर अंगातून. तीस मिली अँपियरच्या पुढंच गोष्ट जिवावर येती.

आप्पांच्या कुलरला त्या दिवशी फेज पूर्ण चिकटलेली नव्हती, नुसती गळती होती. मी पत्र्यावर मीटर लावला तर ३२ व्होल्ट. खड्डा ३२ ओहमचा, म्हणजे बरोबर एक अँपियर रात्रंदिवस जमिनीतून डीपीकडं चाललेला, म्हणून नुसत्या मुंग्या. आता जाता जाता, हा एक अँपियर फुकट नाही बरं का. २३० वॅट झाले, चोवीस तासाला साडेपाच युनिट. आप्पा म्हणाले, "तरीच बिल वाढायलंय, मी समजत होतो मीटर फास्ट हाय." अनेक मीटरवर अर्थ नावाची बारीक लाल लाईट असती, फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही की ती लागती. ती लाईट कायम दिसत असेल तर मीटरवाल्याशी भांडायच्या आधी घरातला कुलर, गिझर, मोटार एकेक बंद करून बघा.

आता बल्बचं. हा बल्ब लई मोठा लबाड साक्षीदार आहे अन् अर्ध्या मराठवाड्याची अर्थिंग त्याच्याच साक्षीवर पास होती. शंभर वॅटचा बल्ब तापल्यावर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो ५२९ ओहम (२३० चा वर्ग भागिले १००). त्यात ३८ ओहमचा लूप मिळवला तर करंट वाहणार ०.४ अँपियर, अन् बल्बला मिळणार २३० च्या जागी २१५ व्होल्ट. कुणाच्या डोळ्याला कळणार का हा फरक? लूप शंभर ओहमचा असला तरी बल्बला १९३ व्होल्ट मिळतेत, जरा पिवळट लागंल एवढंच, अन् आपण म्हणणार व्होल्टेज कमी असंल. बल्ब एवढंच सांगतो की रस्ता आहे. रस्ता पायवाट आहे का हायवे, हे त्याला कळत नाही. शिवाय खड्डा खराब असेल तर बल्ब लावताक्षणी घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तूंच्या पत्र्यावर व्होल्टेज चढतंय, कुणी फ्रिजला हात लावून उभं असलं तर त्याला दणका.

मग लूप टेस्टर वेगळं काय करतो? तत्त्व तुम्हाला आधीच माहिती आहे. शेजारी पिठाची गिरणी चालू झाली की आपल्या घरातला बल्ब क्षणभर मंद होतो ना? का, तर जास्त करंट ओढला अन् तारेतच व्होल्ट खाल्ले गेले. टेस्टर हेच करतो, फक्त मोजून. आधी फेज अन् अर्थमधलं व्होल्टेज वाचतो, समजा २३२. मग आतला एक रेझिस्टन्स फेज ते अर्थ अगदी एक-दोन सायकलपुरता जोडून करंट ओढतो, समजा २० अँपियर, अन् तेवढ्यात परत वाचतो, समजा २२२. दहा व्होल्ट पडले वीस अँपियरला, म्हणजे अर्धा ओहम. झालं मोजून. पन्नास हर्ट्झला एक सायकल वीस मिलिसेकंदाची, त्यामुळं आपल्याला नुसतं क्लिक झाल्यासारखं वाटतं. त्यावरूनच तो २३० भागिले ओहम करून फॉल्ट करंट पण दाखवतो. चांगले टेस्टर पत्र्यावर ५० व्होल्टच्या वर चढायलंय असं दिसलं की टेस्ट मधीच सोडून देतेत.

आरसीसीबी (गळती झाली की पडणारा खटका, त्याचं पुढं सांगतो) असलेल्या घरात हा वीस अँपियरवाला प्रकार केला की आरसीसीबी पडतो, पडायलाच पाहिजे, म्हणून टेस्टरवर नो ट्रिप म्हणून बटन असतं, त्यात पंधराएक मिली अँपियरवरच मोजतेत. त्याला वेळ लागतो अन् बारीक आकडे इकडंतिकडं नाचतेत, एखाद्या ओहमच्या खालचा हिशोब पाहिजे तर त्यावर लई भरवसा ठेवू नये. ३८ सारख्या आकड्याला चालतंय.

अर्थ टेस्टर, ज्याला आपण सगळेच मेगर म्हणून मोकळे होतो, तो निराळा. त्यात खड्ड्यापासून दूर दोन सळया रोवायच्या, लांबच्या सळईत करंट सोडायचा अन् मधल्या सळईवर, साधारण ६२ टक्के अंतरावर, व्होल्ट मोजायचे. रानात हे जमतं. लातूरच्या एखाद्या गल्लीत सगळीकडं सिमेंट, सळई रोवणार कुठं, नाल्यात? तिथं लूप टेस्टरच कामाचा. त्याच्यात डीपीचा खड्डा अन् तारा पण धरल्या जातेत, म्हणजे आपला खड्डा आकड्यापेक्षा चांगलाच असतो, वाईट नसतो. अन् मोजायचं ते बोर्डाजवळच्या सॉकेटात मोजून गप बसायचं नाही, सगळ्यात लांबच्या सॉकेटात मोजायचं. २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर किलोमीटरला ७.४१ ओहम अन् १.५ स्क्वेअरची १२.१. फेज अडीचची, अर्थ दीडची, लांबी तीस मीटर, तर नुसत्या वायरीतच ०.५९ ओहम गेले. जिथं दीड ओहमवर सगळा खेळ आहे तिथं हा आकडा लहान नाही.

मग दीड ओहम कुणाला येतो? वाळूजच्या एमआयडीसीतल्या कंपनीला येतो, कारण तिचा ट्रान्सफॉर्मर तिच्याच आवारात असतो अन् अर्थची पट्टी मशीनपासून थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत धातूची जाती, मधी माती येतच नाही. तिथं लूप ०.३ ओहम असला तर साडेसातशे अँपियर वाहतेत, एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. या पद्धतीला टीएन म्हणतेत. आपल्या गावात दोन टोकाला दोन खड्डे अन् मधी माती, हिला टीटी म्हणतेत. एमसीबी तोच, पण तिथं रखवालदार, इथं शोभेचा. हा फरक लई वायरमन लोकांना पण कुणी सांगितलेला नसतो, आयटीआयला आम्हाला पण खड्ड्यात मीठ-कोळशाचे थर किती इंचाचे हेच घोकायला लावलं होतं.

मातीचं बोलायचं तर आपली काळी माती म्हणजे दोन तोंडाची. ओली असली की करंटला एकदम मोकळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतेत अन् खड्ड्यात उभ्या घातलेल्या अर्थच्या नळीला माती चिकटलेलीच राहत नाही. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. तीन मीटरच्या ४० एमएम नळीचा हिशोब सूत्रानं केला तर माती १० ओहम मीटरची (मातीचा अडथळा या मापात सांगतेत) असली तर ३ ओहम येतेत, १०० ची असली तर ३०, अन् ५०० ची असली तर १५०. नळी तीच, खर्च तोच. आप्पांचाच खड्डा मी पुढं जुलैच्या शेवटी पाऊस झाल्यावर मोजला, तर पूर्ण लूप ९ ओहम. ३८ चा ९! तरी २३० भागिले ९ म्हणजे पंचवीस अँपियर, १६ च्या एमसीबीला दीड पट, ती पट्टी गरम होऊन पडायला कितीतरी मिनिटं लागणार. म्हणजे पाऊस पडून पण एमसीबीच्या कामाचा नाहीच. खड्ड्यात पाणी ओता असं सगळेच सांगतेत, बरोबर आहे, पण २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी कोण पाजणार होतं? अन् मीठ पावसाबरोबर निघून जातं, जाता जाता जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, नळी पण खातं. त्यापेक्षा नळी खोल घाला, एक पुरत नसेल तर दुसरी घाला पण नळीच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवून, शेजारी शेजारी दोन रोवून काही उपयोग नाही.

एवढं करून पण टीटीमध्ये दीड ओहम येणं म्हणजे अवघडच. म्हणून तिथं एमसीबीच्या भरवशावर राहायचंच नाही, आरसीसीबी लावायचा. तो किती करंट वाहतो ते बघतच नाही, तो बघतो फेजनं गेलेला अन् न्यूट्रलनं आलेला सारखा आहे का. तीस मिली अँपियरची तफावत झाली की पाडला. ५० व्होल्ट भागिले ०.०३, म्हणजे १६६७ ओहमपर्यंत खड्डा असला तरी पत्र्यावर ५० च्या वर व्होल्ट टिकू देत नाही. तेव्हा आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर हे, ३८ ओहम एमसीबीला कामाचे नाहीत अन् आरसीसीबीला चिक्कार झाले. पूर्ण फॉल्टचे ते सहा अँपियर म्हणजे तीस मिलीच्या दोनशे पट, चाळीस मिलिसेकंदाच्या आत खटका पडणार.

मग कुणी म्हणतो, आरसीसीबी आहे तर खड्डा कशाला? खड्डा असला तर गळती सुरू झाल्याबरोबर खटका पडतो, कुणी हात लावायच्या आधी. खड्डा नसला तर पत्रा गुपचूप फेजवर बसून राहतो अन् कुणाचा तरी हात लागला की मग त्याच्या अंगातून गळती होऊन पडतो. अन् ते टेस्टचं बटन महिन्याला दाबा जरूर, पण ते आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग तपासत नाही, अर्थची वायर तोडून ठेवली तरी बटन दाबल्यावर खटका पडतोच.

शेतातल्या मोटारीला हेच सगळं लागू, उलट जास्त. स्टार्टरचा ओव्हरलोड अर्थ फॉल्टला ओळखत नाही. पूर्वी बोअरला लोखंडी केसिंग असायची, स्टार्टरच्या डब्याची वायर तिला बांधली की आयती अर्थिंग व्हायची, आता केसिंग पीव्हीसीची अन् पाईप पण प्लास्टिकचा, तरी जुन्या सवयीनं वायर तिथंच बांधलेली दिसती. प्लास्टिकला.

एक जुगाड मात्र हात जोडून सांगतो, करू नका. सॉकेटात न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारायचा. बल्ब मस्त लागतो, लूप टेस्टर पण अर्धा-एक ओहम दाखवतो, आकडा बघून मीच एकदा फसलो होतो. पण पोलावर न्यूट्रलची तार तुटली, जी वादळात हमखास तुटती, की त्याच तुकड्यातून घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज. खेड्यात कच्च्या खड्ड्यावर अर्धा ओहम दिसला तर खुश व्हायच्या आधी सॉकेट उघडून बघा. अन् हे मोजमाप सगळं चालू लाईनवरचं काम आहे, वायरमनकडूनच करून घ्या.

आप्पांकडं त्याच दिवशी आरसीसीबी बसवला. मी लातूरला पोचायच्या आत फोन, "तुमचा नवीन डब्बा टिकंना, वर केला की खाली पडायलाय, जुनाच बरा होता." परत गेलो. कुलर काढला की डब्बा टिकायचा, लावला की पडायचा. टाकी उपसली तर पंपाच्या वायरला मधी जोड दिलेला, वरून साधी चिकटपट्टी, अन् तो जोड टाकीच्या तळाला पाण्यात बुडालेला. दोन उन्हाळे तसाच. वायर अखंड टाकली, जोड पाण्याच्या बाहेर काढला, कुलर चालू, डब्बा जागेवर. निघताना आप्पांनी टेस्टर परत लावायला लावला.

"किती?"

"३८."

"म्हणजे तसाच हाय की."

"तसाच हाय," म्हटलं, अन् टेस्टर पिशवीत घातला.